शेवटच्या नावानंतर

लोधीखेड्यात यमुना गजभियेला तिच्या नावानं हाक मारणारे घरातलेच काय ते उरले होते. बाकी गाव तिला कॉम्प्युटरवाली म्हणे. त्या म्हणण्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे म्हणणाऱ्यालाही धड सांगता आलं नसतं. तिचा बाप शालिकराम सौसरच्या तहसील कचेरीत चपराशी. उभा जन्म त्यानं साहेबांच्या टेबलावरचे कागद या खोलीतून त्या खोलीत नेले, आणि त्या कागदांवर काय लिहिलंय ते मात्र त्याला नेहमी दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं. पोरीला शिकवायचं हे त्याच्या डोक्यात असं काही बसलं की भाऊबंद हसले, नातेवाईक लग्नाचं काढून काढून थकले, तरी गडी हलला नाही. यमुना बी.एस्सी. झाली, नागपूरला मामाकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आली, आणि बोरगावजवळ नव्यानं निघालेल्या, कापसातली सरकी काढून रुईचे गठ्ठे दाबणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या गिरणीत तिला नोकरी लागली. ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. सौसर तालुक्यात तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेली माणसं शोधावी लागत, आणि तो चालवणारी बाई तर ती एकटीच असावी.

स्वभावानं ती खट होती. बसमध्ये कोणी धक्का देऊन पुढं घुसलं तर भांडायची नाही, नुसती अशी बघायची की त्या माणसाला पुढच्या थांब्यापर्यंत अवघडल्यासारखं व्हावं. गिरणीच्या फाटकावरचा टाइमकीपर वसंत चिठ्ठीवर एखाद्या मजुराचं नाव अर्धवट लिहायचा, की चिठ्ठी परत. "माणसाले बाप आहे ना? मंग बापाचं नाव लिवा." वसंत कुरकुरायचा, पण चहाच्या टपरीवर तोच सांगत फिरायचा, "म्याडमच्या हातून चूक होत नाही, बाप्पा. मशीन चुकन, म्याडम नाही चुकनार." लोक असं म्हणायचे ते एक वेळ ठीक होतं. तिलाही ते पटलं होतं, ही खरी पंचाईत.

कॉम्प्युटर नागपूरहून टेम्पोत गादीवर निजवून आणला होता, नव्या नवरीसारखा. त्याच्या खोलीला थंड हवेचं यंत्र, दाराबाहेर चपला काढायच्या, पहिल्या दिवशी नारळ फुटला आणि त्याचं पाणी कीबोर्डवर उडू नये म्हणून यमुना आडवी उभी राहिली. मॅनेजर दुबे साहेब जबलपूरकडचे. त्यांना यंत्राची भीती वाटायची आणि अभिमानही वाटायचा, त्यामुळे ते दारातूनच विचारायचे, "मैडम, चल रहा है ना?" यमुना मान हलवायची. एवढंच त्यांचं बोलणं.

कापसाच्या गिरणीत आगीची धास्ती कायमची. एक ठिणगी पडली की पुढचं कोणाच्या हातात नसतं. म्हणून दुबे साहेबांनी नियम काढला की दर पाळीला आत कोण कोण आहे याची छापील यादी फाटकावर लटकवायची, आणि काही झालंच तर त्या यादीवरून हाजिरी घ्यायची. नियम चांगलाच होता. वसंतच्या चिठ्ठ्या यायच्या, यमुना नावं हातानं टाइप करायची, छापायची. पण रोज तेच ते एकाखाली एक करत बसणं तिला आवडेना. त्या यंत्राशी बोलायची जी पायरी होती तिला शेल म्हणत. त्या शेलला कामाचे हुकूम एकदा लिहून ठेवले की ती तेच हुकूम रोज न कंटाळता पाळायची. यमुनेनं तशी एक हुकुमांची फाइल लिहिली. तिचा पहिला भाग चिठ्ठ्यांप्रमाणे तुकड्यातुकड्यानं आलेली नावं जोडायचा, दर दोन नावांच्या मधे नवी ओळ सुरू करायची खूण टाकून. दुसरा भाग ती जोडलेली नावं एकेक ओळ वाचून बिल्ल्याच्या नंबरासकट छापायचा. पहिला भाग तिनं पडद्यावर पाहिला, नावं कशी शिस्तीत उभी होती. दुसरा भाग जुन्या, हातानं टाइप केलेल्या यादीवर चालवून पाहिला, तोही बिनचूक. मग दोन्ही जोडले आणि कामाला लावले. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये ती स्वतःशीच हसली असं कंडक्टरनं पाहिलं, आणि ते त्यानं चार जणांना सांगितलं.

आग लागली ती त्याच आठवड्यात, माघातल्या एका दुपारी, दुसरी पाळी सुरू होऊन तासभरही झाला नसेल तेव्हा.

रस्त्याकडच्या टोकाला रुईचं लांबलचक गोदाम होतं, तिथून धूर निघाला. "भागा रे!" अशी आरोळी उठली आणि माणसं मिळेल त्या दारानं बाहेर पडली. सगळे पाण्याच्या टाकीजवळच्या पटांगणात जमले. गोदामाची मागची भिंत तिथून दिसायची, मोठ्यानं हाक मारली तर भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या अंतरावर. वसंतनं फाटकावरची यादी काढून आणली आणि तो टाकीच्या ओट्यावर चढला. यमुना खाली त्याच्याजवळ उभी राहिली. वसंत वाचत गेला. एकेक नाव, बापासकट. खालून "हाजर" यायचं. कोणी खोकत म्हणे, कोणी रडत म्हणे. एका नावाला उत्तर आलं नाही तेव्हा लोक मागं वळून पाहू लागले, मग तो गडी नळावर तोंड धूत होता असं कळलं आणि लोक त्याला शिव्या देत हसले. शेवटचं नाव झालं. हाजर. वसंतनं कागद कपाळाला लावला.

सौसरचा बंब आला, मागून पांढुर्ण्याचा. बंबावरच्या जमादारानं पहिला प्रश्न केला, "आत माणूस आहे का?"

दुबे साहेबांनी यमुनेकडे पाहिलं. "मैडम, लिस्ट पूरी है ना?"

"पूर्ण आहे, सर."

"मंग गोदाम जाऊ द्या," जमादार म्हणाला. "प्रेस वाचवू." त्याचं काही चुकलं नाही. आत माणूस नसेल तर शहाण्यानं हेच करावं. पाणी सगळं प्रेसच्या बाजूला गेलं, प्रेस वाचली, गोदाम जळत राहिलं.

तोवर धूर पाहून आजूबाजूच्या वस्त्यांतली बायामाणसं फाटकावर धावत आली होती. जिला आपलं माणूस दिसायचं ती हंबरडा फोडून त्याच्या गळ्यात पडायची. गर्दी आत शिरू नये म्हणून चौकीदार मोरेश्वर काठी आडवी धरून उभा होता, आणि बायकांना समजवायला कोणी तरी बाई हवी म्हणून साहेबांनी यमुनेला तिथं पाठवलं. एक बाई गर्दीच्या कडेला एकटीच उभी होती. तिशीतली, पदराचं टोक दातांत धरलेलं, पायात काही नाही. यमुनेला पाहून ती जवळ आली.

"बाई, आमच्या घरचे निंगाले का?"

"नाव काय त्यांचं?"

बाईनं मान खाली घातली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. भोवती वस्तीतली, सासरच्या ओळखीची माणसं उभी होती, आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची तिच्याकडे रीत नव्हती. यमुनेला ते समजलं. तिची आई शकुंतला बाबासाहेबांच्या सभांना जाऊन आलेली, ती खुशाल शालिकराम म्हणायची. पण शेजारपाजारच्या बाया कशा आडवळणानं बोलतात हे यमुनेनं लहानपणापासून पाहिलं होतं, आणि त्यांची नावावरून थट्टा करणाऱ्या पुरुषांचा तिला मनापासून राग होता. या बाईला गर्दीत अवघडवायचं नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

"नाव राहू द्या," ती म्हणाली. "यादीतले सगळे बाहेर आले. एकही आत नाही. मी सोता यादी केली आहे."

"सगळेच?"

"सगळेच. मागच्या रस्त्यानं घरी गेले असतील. जा तुम्ही."

बाईच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं आलं. तिनं यमुनेचा हात दोन्ही हातांत धरला, आणि वळून वस्तीकडे जवळजवळ पळतच गेली. इतक्या गोंधळात आपण एक तरी माणूस सुखी करून पाठवलं, असं यमुनेला वाटलं. ते तिला खरंच वाटलं, म्हणून सांगितलं.

पुढं काय झालं ते वसंतच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. चिंधू कामडी नावाचा एक जण होता. गोदामातल्या एका खोलीत एकट्यानं खराब रुई निवडायचा. वस्तीत त्याची थोडी संत्र्याची झाडं होती, त्यांना पाणी देऊन यायचा म्हणून रोज सगळ्यांच्या मागून, फाटक लागता लागता पोचायचा. आगीच्या दिवसापासून तो घरी गेला नव्हता.

"पर यादीत नाही ना तो," वसंत म्हणाला. "म्हंजे त्या दिवशी आलाच नाही. लोक म्हनून राहिले का पांढुर्ण्याकडं कोनी बाई होती म्हने त्याची. घरच्यायले डबा घेऊन निंगतो सांगून तिकडंच गेला असन."

"तुम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं का त्याचं नाव?"

वसंत गडबडला. "लिवलं असन... नसन बी. रोजच लिवतो ना म्याडम. चिठ्ठ्या तर त्याच दिवशी फेकल्या. यादीत नाही म्हंजे नसन लिवलं."

चिंधू रामाजी कामडी. ते नाव ऐकलं आणि यमुनेची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप हलली. हे नाव आपण टाइप केलंय, त्याच दिवशी केलंय, असं बोटांना वाटत होतं. पण यादी समोर टाचणीला लावलेली होती, आणि यादीत ते नव्हतं. तिनं यादीवर विश्वास ठेवला. त्या दिवशीची टाइप केलेली नावं यंत्रात जशीच्या तशी पडलेली होती. उघडून पाहायचं म्हटलं तर पाव तासाचंही काम नव्हतं. तिनं ते टाळलं. आज छपाई आहे, उद्या साहेबांचं काम आहे, असं स्वतःला सांगत टाळत राहिली. भीती तिला कशाची होती हे तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

गोदामाच्या जागी राखेचा आणि अर्धवट जळालेल्या रुईचा ढीग उरला होता. रुई आतून जळत राहते. वरून विझलेली दिसते, आत धग असते. तो ढीग भर उन्हात, दिवसाउजेडी धुमसत असायचा. मोरेश्वर चौकीदार म्हातारा, डोळ्यांना कमी दिसणारा, पण उगीच बोलणारा नव्हे. तो एकदा पाणी प्यायला आला आणि उगीचच उभा राहिला.

"म्याडम, तिकडं कोनी खोकलते."

"कुठं?"

"ढिगाकडं. म्या जातो, पाहातो, तं कोनी नाही."

"धूर आहे, काका. तुम्हीच खोकलत असाल."

"माहा खोकला मले समजत नाही का?" म्हातारा दुखावला आणि निघून गेला.

आगीनंतर साहेबांनी रोज पाळीच्या सुरवातीला पटांगणात हाजिरी घ्यायचा नियम केला होता. वसंत ओट्यावर चढून यादी वाचायचा, माणसं हाजर म्हणायची. शेवटचं नाव झालं की लगेच कामाला जायचं. पण तसं होत नसे. शेवटचं नाव व्हायचं, हाजर यायचं, आणि माणसं क्षणभर उभीच राहायची, काही राहिल्यासारखी. कोणी कोणाकडे पाहत नसे. मग एखादा खाकरायचा आणि सगळे एकदम निघायचे. यमुना खिडकीतून ते पाहायची. तिच्या खोलीतही तेच होऊ लागलं होतं. छपाईचं यंत्र करकरत एकेक ओळ काढायचं, शेवटची ओळ झाली की त्याचं डोकं डाव्या कडेला जाऊन थांबायचं. आणि तिला वाटायचं की ते थांबलेलं नाही, एक ओळ बाकी आहे. ती कागद फाडायची नाही. हात कागदावर ठेवून बसायची. थंड हवेच्या त्या बंद खोलीत, जिथं बाहेरची चप्पलही येत नव्हती, तिला जळक्या रुईचा वास यायचा. पाठीमागं दारात कोणी तरी उशिरा पोचलेला, धापा टाकत, नाव लिहून घ्या म्हणून उभा आहे, असं वाटून ती वळायची. दार लावलेलं असायचं.

घरी ती जेवेनाशी झाली. शकुंतलेनं नजर काढली नाही, तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण पोरीच्या उशाशी बसून राहायची. शालिकराम विचारायचा, "साहेब काही बोलला का, माय?" ती नाही म्हणायची.

मग ती बाई आली. या वेळी सोबत तिचा सासरा रामाजी होता, काठी टेकत. बाईचं नाव पंचफुला. फाटकावर त्यांना कोणी उभं करीना, कारण ते याआधीही येऊन गेले होते आणि उत्तर तेच होतं. यमुनेनं त्यांना खिडकीतून पाहिलं आणि ओळखलं. ती चपला न घालताच बाहेर धावली.

"बाई, तुमी म्हनलं होतं सगळे बाहीर आले," पंचफुला म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, नुसती आठवण देत होती. "घरी आलेच नाही ते. लोक काहीबाही बोलून राहिले. पर डबा म्या भरून देल्ला होता. पानी देऊन आले, हात धुतले, अन् निंगाले. म्या पाहात होती ना, फाटकापावतर."

"चिंधू," म्हातारा मोठ्यानं म्हणाला, त्याला कमी ऐकू येत असावं. "चिंधू रामाजी. माहा पोरगा हाय. पाहा बाई तुमच्या कागदात."

यमुना आत गेली. दार लावलं. यंत्रातली त्या दिवसाची नावं उघडली. सरसर खाली गेली, आणि अगदी तळाला, सगळ्यांच्या मागून, जसा तो यायचा तसा, तो होता. चिंधू रामाजी कामडी. तिनं स्वतःच्या बोटांनी टाइप केलेला. मग तिनं आपला हुकूम पुन्हा चालवला. छपाई झाली. चिंधूच्या आधीच्या माणसापाशी यंत्राचं डोकं कडेला जाऊन थांबलं.

आता तिला सगळं लख्ख दिसलं. यंत्राला ओळ दिसत नाही, त्याला ओळ संपल्याची खूण लागते. तिनं खुणा टाकल्या होत्या त्या दोन नावांच्या मधे. शेवटच्या नावानंतर पुढं नावच नाही, म्हणून खूणही नाही. आणि वाचणारा दुसरा भाग खुणेपर्यंत जे असेल तेवढंच ओळ म्हणून धरायचा. बिनखुणेचं जे उरेल ते त्याच्या लेखी नव्हतंच. हार ओवताना शेवटच्या फुलामागं गाठ मारली नाही तर ते जसं निसटतं, तसं रोज शेवटचं नाव निसटत होतं, आणि ज्याचं निसटायचं तो उशिरा आल्याची बोलणी नकोत म्हणून मुकाट कामाला लागत असणार. जुन्या यादीवर हे दिसलं नाही, कारण हातानं टाइप केलेल्या यादीला ती खूण शेवटीही आपोआप लागायची. गाठ मारायची राहिली होती. एवढीच चूक होती. एवढीशी.

ती दुबे साहेबांकडे गेली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. साहेबांना खुणेचं काही कळलं नाही, पण माणूस आत होता हे कळलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मैडम, वो तो गया. अब बोलने से वापस नहीं आएगा. आपकी नौकरी जाएगी, पुलिस आएगी, आपके पिताजी का सोचिए." खिडकीतून त्यांनी बाहेर दाखवलं. राखेचा ढीग उचलायला दोन ट्रक येऊन उभे होते, फावडीवाले बिड्या ओढत होते. ढीग कन्हानच्या काठावर टाकायचा होता. "आज साफ हो जाएगा. आप घर जाइए, आराम कीजिए." ते वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस जे बोलतो तेच बोलले.

यमुना बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिली. नोकरी जाणार हे उघड होतं. लोधीखेड्यात काय बोलतील तेही तिला ऐकू येत होतं: चपराशाच्या पोरीला मशीनवर बसवलं की असंच होणार. बापाचं तोंड डोळ्यांसमोर आलं. फाटकाबाहेर पंचफुला आणि म्हातारा अजून उन्हात बसले होते. आज ढीग गेला तर चिंधू कायमचा पांढुर्ण्याच्या बाईकडे पळालेला राहणार होता. आणि ही बाई जन्मभर दाराकडे पाहत बसणार होती.

पाळीची वेळ झाली होती. पटांगणात वसंत हाजिरी घेत होता. शेवटचं नाव झालं, हाजर आलं, आणि माणसं तशीच उभी राहिली. यमुना चालत टाकीपाशी गेली, वसंतच्या शेजारी ओट्यावर चढली.

"चिंधू रामाजी कामडी," ती मोठ्यानं म्हणाली.

कोणी हाजर म्हटलं नाही. ढिगाचा धूर वळून पटांगणावर आला.

"तो त्या दिवशी आला होता," ती म्हणाली. "मीच त्याचं नाव टाइप केलं होतं. यादीत आलं नाही ती माझी चूक. तो आत आहे."

मग मोरेश्वरनं काठी टाकली, ट्रकवाल्याच्या हातातलं फावडं ओढून घेतलं आणि ढिगाकडे निघाला. त्याच्या मागून एक, मग दोघं, मग सगळे. दुबे साहेब दारात आले, आणि आत जाऊन त्यांनी पोलिसांना फोन लावला.

तो सापडला उन्हं कलायच्या आत. गोदामाच्या मधे नव्हे, दाराकडेही नव्हे. आग रस्त्याच्या टोकाला लागली तसा तो तिच्यापासून पळत मागच्या भिंतीपर्यंत आला होता. तिथं दार नव्हतं, वर हवेसाठी नुसती जाळी होती. त्या जाळीखाली रुईच्या दोन गठ्ठ्यांच्या फटीत तो बसलेला होता, शेजारी त्याचा स्टीलचा डबा. गठ्ठे बाहेरून काळे झाले होते, आतून शाबूत होते. हवालदारानं वाकून पाहिलं, मग टोपी काढली.

"आगीनं नाही गेला हा," तो म्हणाला. "धुरानं गेला. बराच येळ होता असं दिसते."

माणसं जाळीकडे पाहत होती. जाळीतून पलीकडे पाण्याची टाकी दिसत होती, आणि वसंत ज्यावर उभा राहून वाचायचा तो ओटा. हिशेब प्रत्येकानं मनात केला. वसंत मटकन खाली बसला आणि त्यानं कानांवर हात धरले.

पंचफुला रडली नाही. रामाजी म्हातारा पोराच्या डब्याला हात लावू की नको करत होता, त्याला दोघांनी धरून बाजूला नेलं. ती मात्र उठून जाळीपाशी गेली, टाचा उंच करून तिनं पलीकडे पाहिलं, आणि मग हळूहळू यमुनेजवळ आली. यमुनेनं मनाची तयारी केली होती. शिव्या, शाप, अंगावर धावून येणं, काहीही आलं असतं तरी तिला ते हवंच होतं.

"त्या दिसी नावं इथंच वाचली होती का, बाई?"

"हो."

"म्हंजे त्यायले आयकू येत असन."

यमुनेनं जाळीकडे पाहिलं.

"एकेकाचं नाव येऊन राहिलं, आता आपलं येईन, असं म्हनत बसले असतीन." पंचफुला अशी सांगत होती, जणू उशिरा घरी आलेल्याला कोणी दिवसभराचं सांगावं. "त्यायची सवयच होती बाई. सगळ्यायच्या मागून यायची."

"माझी चूक झाली," यमुना म्हणाली. "सगळी माझी. तुमचं यात काही नाही."

पंचफुलेनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी फाटकावर धरला होता तसाच तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे हात राखेनं भरलेले होते.

"म्या फाटकाशीच होती ना," ती म्हणाली. "नाव माह्या तोंडात आलं होतं. म्या ओरडली असती तं कोनी तरी म्हनलं असतं, हो ना, चिंधू दिसला नाही. पर तुमी म्हनलं नाव राहू द्या." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "अन् मले बरं वाटलं, बाई. चार मानसायत नाव घ्यावं नाही लागलं, म्हनून बरं वाटलं."

यमुनेनं हात सोडवून घेतला नाही.